पहिली नोकरी : सोडावी केव्हा?

(राजूर, ता. वणी येथे तरुण अभियंते व त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजूरचे नाव विदर्भात दोन गोष्टींनी ओळखले जाते, कोळसा आणि चुना. कोळशासाठी माजरीहून रेल्वेचा फाटा या गावापर्यंत आला आणि त्याच्या पाठोपाठ मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र अशा मुलुखांतून माणसे आली. त्यामुळे नोकरीसाठी घर सोडणे म्हणजे काय, हे राजूरला निराळे शिकवावे लागत नाही. प्रश्न पडतो तो नोकरीच सोडण्याचा. ज्या घरात वडिलांनी एकाच कॉलरीत, एकाच हजेरीपटावर तीस-पस्तीस वर्षे काढली, त्या घरातला अभियंता मुलगा दीड वर्षात ‘राजीनामा देतो’ म्हणाला, म्हणजे घरात शांतता पसरते. आई विचारते, ‘तिथं कोणी काही बोललं का?’ वडील काहीच बोलत नाहीत. मुलाला वाटते, यांना जग कळत नाही. वडिलांना वाटते, याला भाकरी कळत नाही. खरे पाहता दोघांनाही थोडे थोडे कळलेले असते.

अलीकडे या विषयावर सल्ला देणारे पुष्कळ झाले आहेत. कोणी म्हणतो दोन वर्षांनी नोकरी बदला, कोणी म्हणतो तीन. जणू नोकरी म्हणजे शेतातले पीक, ठरावीक दिवस भरले की कापणीला यावे! वर्षांची अशी मोजदाद फारशी कामाची नाही. ती कामाची का नाही, हे पाहण्यासाठी एका अभियंत्याच्या पहिल्या नोकरीकडे जरा बारकाईने पाहू. त्यांचे नाव विदर्भाला परके नाही. नागपूरच्या ज्या संस्थेतून या भागातले कितीतरी अभियंते, त्यांत खाण अभियंतेही, बाहेर पडतात, ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

शाळेच्या पुस्तकांतून विश्वेश्वरय्या भेटतात ते कृष्णराजसागराच्या भिंतीवर उभे असलेले, डोक्याला म्हैसुरी फेटा बांधलेले. त्यांची पहिली नोकरी मात्र महाराष्ट्रातली. म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर हा तरुण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत शिकला, १८८३ साली परीक्षेत पहिला आला आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाला. नाशिक हे पहिले ठिकाण. तेथून खानदेशात, धुळ्याकडे.

धुळ्याकडचे एक काम त्यांच्या वाट्याला आले. पांझरेच्या खोऱ्यात, दातर्तीजवळ, एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. ज्याला सायफन म्हणतात तसे ते काम. दिवस पावसाळ्याचे. पाया खणावा तो वाळूने भरून जाई, पुन्हा उपसावा तो पुन्हा पूर येई. अवघ्या काही महिन्यांची नोकरी झालेल्या या तरुणाने वरिष्ठांना कळवले की पावसाळा सरेपर्यंत काम थांबवणे योग्य होईल. तांत्रिकदृष्ट्या सल्ला चुकीचा नव्हता. उत्तर मात्र कडक आले. कार्यकारी अभियंत्याने त्यातून आज्ञापालनाचा आणि शिस्तीचा अभाव वाचला, आणि तसे लिहून कळवले. परिवीक्षेतल्या उमेदवाराच्या कागदपत्रांत असा शेरा म्हणजे काय, हे येथे बसलेल्या कोणाही प्रशिक्षणार्थी अभियंत्याला समजेल.

तो वरिष्ठ इंग्रज, हा पुण्याहून पहिला क्रमांक घेऊन आलेला तेवीस-चोवीस वर्षांचा मानी तरुण. राजीनाम्याला याहून चांगले निमित्त कोणते हवे होते? त्यांनी काम पुन्हा हाती घेतले. पुराने अडवले, पाण्यातून वाट काढावी लागली, मजुरांसोबत चिखलात दिवस काढावे लागले. पण नळ टाकून पाणी पलीकडे गेले. काम पुरे झाल्यावर त्या कार्यकारी अभियंत्याने आपले शब्द मागे घेतले. विश्वेश्वरय्यांनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग लिहून ठेवला आहे, आणि तोही कुरकुरीच्या सुरात नाही.

अशा गोष्टी सांगितल्या की श्रोत्यांतल्या ज्येष्ठांच्या माना समाधानाने हलतात, ‘पाहा, सहन करावे लागते’. परंतु या प्रसंगाचा अर्थ तेवढाच नाही. त्या पावसात राजीनामा दिला असता तर विश्वेश्वरय्यांच्या हाती काय उरले असते? एक बरोबर असलेले मत आणि एक अपुरे काम. बरोबर मत घेऊन दुसऱ्या दारात उभे राहता येते, पण दुसरा मालक विचारतो ते पुरे केलेल्या कामाबद्दल. पहिल्या नोकरीतले पहिले काम शेवटाला गेल्याखेरीज आपल्याला काय येते, हे आपले आपल्यालाही कळत नाही; जगाला कळणे तर दूरच.

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे, आणि राजूरसारख्या गावात तर तो केलाच पाहिजे. दातर्तीला वरिष्ठाचा हट्ट होता आणि त्याचा मुख्य भार अभियंत्याच्या अंगावर पडत होता. खाणीत तसे नसते. खाली गेल्यावर काठीने छत ठोकून पाहतात. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तेथे माणूस उभा करायचा नाही. तो पोकळ आवाज ऐकूनही कोणी ‘पाळी थांबवू नका, टनेज भरायचे आहे’ असे सांगत असेल, तर ती तरुण अभियंत्याच्या सहनशक्तीची परीक्षा ठरत नाही. तेथे आज्ञापालन हा गुण नव्हे. तेथे माणसे बाहेर काढायची, नोंदवहीत लिहायचे, व्यवस्थापकाला लेखी कळवायचे आणि गरज पडल्यास खाण सुरक्षा महानिदेशालयापर्यंत जायचे. खाण सुरक्षेचा कायदा आणि त्याखालील नियम त्या पाळीच्या अधिकाऱ्यावरही जबाबदारी टाकतात. ‘वरून आदेश होता’ हे उत्तर चौकशीत पुरत नाही. एवढे करूनही कारभार सुधारत नसेल, तर अशी नोकरी सहा महिन्यांत सोडली तरी कोणी नावे ठेवू नयेत. अपमान गिळून काम पुरे करणे आणि धोका गिळून काम पुरे करणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलाला ‘जमवून घे’ म्हणण्यापूर्वी तो यांपैकी कोणती गोष्ट सांगतो आहे ते नीट ऐकून घ्यावे.

आता पुन्हा विश्वेश्वरय्यांकडे. त्या खात्यात त्यांनी थोडीथोडकी नव्हे, सुमारे चोवीस वर्षे काढली. पण त्या चोवीस वर्षांत ते एका जागी बसून राहिले, असे कोणी म्हणणार नाही. सिंधमध्ये सक्करला नदीचे गढूळ पाणी शुद्ध करण्यासाठी महागडी यंत्रणा परवडेना, तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूतून झिरपलेले पाणी गोळा केले. १८९५ साली ते काम पुरे झाले. पुण्याला आले तेव्हा नीरेच्या कालव्यावर पाणी मोजून, पिकांचे गट पाडून देण्याची पद्धत बसवण्यासाठी खटपट केली. त्या वेळी बागायतदार चिडले, वर्तमानपत्रांत टीका झाली. १९०३ साली खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि धरणाची भिंत न वाढवता पाण्याचा साठा वाढवला. १९०६ साली एडनला पाणीपुरवठ्याच्या कामासाठी गेले. एकच खाते, पण दर तीन-चार वर्षांनी हातात नवी विद्या. ज्या नोकरीत असे होत राहते ती नोकरी जुनी होत नाही, मग वर्षे कितीही होवोत.

उलट एखाद्या ठिकाणी तीन वर्षांत एकाच वर्षाचे काम तिसऱ्यांदा करावे लागते. हातात फाइल, समोर संगणकाचा तक्ता, आणि यंत्राला हात लावायचा तो कंत्राटदाराच्या माणसाने. अशा अभियंत्याला पगार मिळतो, विद्या मात्र वाढत नाही. पदवीची धार शिल्लक आहे तोवर त्याने हलावे. या बाबतीत ‘थोडे थांबून पाहू’ हा सल्ला फसवा असतो.

मग विश्वेश्वरय्यांनी १९०८ साली ती नोकरी का सोडली? काम कमी पडले म्हणून नव्हे आणि कोणी दुखावले म्हणूनही नव्हे. कर्तृत्वाच्या जोरावर कित्येक ज्येष्ठांना मागे टाकून ते अधीक्षक अभियंत्याच्या पदापर्यंत पोहोचले होते. पुढची पायरी मुख्य अभियंत्याची होती आणि ती व्यवहारात इंग्रजांसाठी राखलेली होती. हिंदी माणसाने कितीही बुद्धी चालवली, कितीही धरणे बांधली, तरी त्या दारावर त्याने थांबायचे, असा तो राज्यकारभार. विश्वेश्वरय्यांनी ते ओळखले आणि दारावर डोके आपटत बसले नाहीत. निवृत्तिवेतनाला लागणारी पंचवीस वर्षे पुरी व्हायला थोडाच अवधी उरला होता. तेवढ्यासाठीही ते थांबले नाहीत. सरकारने पुढे त्यांची सेवा लक्षात घेऊन निवृत्तिवेतन मंजूर केले, ही गोष्ट वेगळी. ते मिळेल म्हणून ते निघाले नव्हते.

निघाल्यावर काय केले, हेही तितकेच महत्त्वाचे. ते परदेशात धरणे, कारखाने, नगरे पाहत हिंडले. १९०८ च्या सप्टेंबरात हैदराबादला मुशी नदीला प्रलयंकारी पूर आला आणि निजामाच्या सरकारचे बोलावणे त्यांना प्रवासात, इटलीत गाठून मिळाले. पुढे म्हैसूर दरबाराने मुख्य अभियंत्याचे पद देऊ केले. जे पद इंग्रजी राज्यात मिळाले नाही तेच मायभूमीत चालून आले होते. दुसरा कोणी तत्काळ होकार कळवता. विश्वेश्वरय्यांनी उलट विचारणा केली : संस्थानाला तंत्रशिक्षण आणि उद्योग वाढवायचे आहेत काय? समाधानकारक उत्तर आल्यावरच १९०९ च्या नोव्हेंबरात ते रुजू झाले. नव्या नोकरीच्या मुलाखतीत पगाराचा आकडा विचारणारे पुष्कळ असतात. आपल्याला तेथे काय करू दिले जाईल, असे विचारणारे विरळा. दोन्ही प्रश्न विचारावेत. दुसरा आधी विचारावा.

ज्यांना नोकरीच नको, स्वतःचा उद्योग हवा, त्यांच्यासाठी उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. ते काही पदवीधर अभियंते नव्हते. जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले, रंगांधळेपणामुळे ती सुटली, आणि यंत्रांच्या रेखाटनात हात बसला तो मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, आजच्या वीरमाता जिजाबाई संस्थेत. तेथेच ते शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला वर बसवले गेले, आणि लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला. गोष्ट बहुधा येथेच संपवली जाते आणि ऐकणाऱ्या तरुणाचे रक्त उसळते. पण त्या राजीनाम्याच्या मागे एक पूर्वतयारी होती, तिच्याकडे कोणी पाहत नाही. बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा होते. नोकरी चालू असतानाच लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवीत, रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. म्हणजे नोकरी सुटली त्या दिवशी बेळगावचे दुकान आधीच उभे होते. राग खरा होता, पण पाऊल रागाच्या भरात पडले नव्हते. खाली जमीन होती.

आणि जमीन असूनही सोपे गेले नाही. कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावीनात, माल पडून राहिला. औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या सगळ्यानंतर. स्वदेशी उद्योगाचा इतिहास सांगताना आपण त्या माळावरून सुरुवात करतो. मधली बारा-तेरा वर्षे गाळतो. नोकरी सोडून उद्योगात उतरणाऱ्याने नेमक्या त्या बारा-तेरा वर्षांचा हिशेब आधी मांडावा. घरभाडे कोण देणार, धाकट्या बहिणीच्या लग्नाचे काय, शैक्षणिक कर्जाचा हप्ता कोठून भरणार. रामूअण्णा प्रत्येकाला असतातच असे नाही.

त्याच वीरमाता जिजाबाई संस्थेचे, पुढच्या काळातले विद्यार्थी डॉ. अनिल काकोडकर. यांत्रिकी अभियांत्रिकी पुरी करून ते आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६४ साली रुजू झाले आणि पहिली नोकरी त्यांनी सोडलीच नाही. ‘ध्रुव’ अणुभट्टीच्या कामापासून केंद्राच्या संचालकपदापर्यंत आणि तेथून अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदापर्यंत तो एकच रस्ता गेला. याउलट ज्यांनी पुढे कोकण रेल्वे उभी केली ते ई. श्रीधरन मुंबई बंदरात उमेदवारी करून वर्षभरात बाहेर पडले, कारण अभियांत्रिकी सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन रेल्वेचे दार उघडले होते. एकजण थांबला, एकजण निघाला. दोघांच्याही बाबतीत वर्षांचा आकडा काही सांगत नाही.

राजूर-वणी परिसरातल्या अभियंत्यापुढे प्रश्न बहुधा दोन रूपांत येतो. एक, येथला मुलगा पुण्यात किंवा बंगळुरूत संगणकाच्या कंपनीत लागलेला असतो. दुसरे, कोळसा कंपनीत निवडला गेलेला उमेदवार येथल्या वसाहतीत राहायला आलेला असतो आणि संध्याकाळी सातला सामसूम झालेल्या रस्त्याकडे पाहून त्याला आपले महाविद्यालयाचे शहर आठवते. दुसऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. खाण अभियंत्याची खरी पदवी महाविद्यालयात अर्धीच मिळते. उरलेली अर्धी म्हणजे व्यवस्थापकपदाचे सक्षमता प्रमाणपत्र, ज्याला सारे ‘फर्स्ट क्लास’ म्हणतात. ते परीक्षेने मिळते, पण परीक्षेला बसण्याआधी खाणीतला विहित प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. गावात करमत नाही म्हणून तो अनुभव अर्ध्यावर टाकून निघालेला अभियंता हातातले काम आणि पुढची पात्रता, दोन्ही गमावून बसतो. ते प्रमाणपत्र मिळवून निघालेल्याला देशातली कोणतीही खाण दारात उभी करते. करमत नाही हे दुःख खरे आहे, खोटे नाही. पण ते रजेने, सोबतीने, वाचनाने हलके होते. राजीनाम्याने ते हलके करण्याची किंमत फार मोठी आहे.

पुण्या-बंगळुरूच्या मुलासाठी कागदोपत्री गोष्टी अधिक. नेमणुकीच्या वेळी सही केलेला करार पुन्हा एकदा वाचावा. ठरावीक मुदतीआधी सोडल्यास अमुक रक्कम भरावी, असे कलम पुष्कळ ठिकाणी असते. ते नेहमीच पोकळ असते असे समजू नये. एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची आणि दोन लाख रुपयांची अशी अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात वैध ठरवली. कायम नोकरीत उपदानासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते, म्हणून साडेचार वर्षांवर निघणाऱ्याने दिनदर्शिका पाहावी. भविष्य निर्वाह निधी काढून खर्च करू नये, नव्या ठिकाणी वळवून घ्यावा. पाच वर्षांच्या आत काढला तर करही लागतो. कोळसा खाणीतल्या माणसाचा निधी निराळ्या संघटनेकडे असतो, त्याची कागदपत्रे गाव सोडण्यापूर्वी पुरी करून घ्यावीत. या किरकोळ वाटणाऱ्या बाबी आहेत, पण विश्वेश्वरय्यांप्रमाणे निवृत्तिवेतनावर पाणी सोडण्याची ऐपत आणि तेवढा नावलौकिक ज्याच्याजवळ नाही, त्याने त्या पाहाव्यातच.

पालकांना एवढेच सांगायचे, की मुलगा किंवा मुलगी राजीनाम्याचे बोलू लागली तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी विचारावे, तेथे हातात काय काम आहे? ते पुरे झाले का? यापुढे शिकण्यासारखे काही उरले आहे का, आणि वरचे दार खरेच बंद आहे की नुसते जड आहे? लेकींच्या बाबतीत तर ‘सासर ठरले, आता नोकरी सोड’ असे परस्पर ठरवून टाकले जाते. तिच्या पहिल्या नोकरीतले काम पुरे झाले की नाही, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तिचाही हिशेब तोच आणि तितकाच गंभीर आहे.

शेवटी निघण्याच्या रीतीविषयी. राजीनामा मंजूर झाल्यावर उरलेले दिवस म्हणजे मोकळीक, असे समजणारे पुष्कळ दिसतात. खाणीच्या धंद्यात ती समजूत फार महागात पडू शकते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या खोदकामात साठलेले पाणी खाली घुसले आणि ३७५ कामगार दगावले. खोदकाम कोठपर्यंत गेले आहे, जुने पाणी कोठे साठले आहे, मधली भिंत किती जाडीची सोडली आहे, हे नकाशावर असते. आणि नकाशावर चढायचे राहून गेलेले थोडेसे त्या-त्या पाळीच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात असते. तो अधिकारी गाव सोडून गेला की डोक्यातले त्याच्याबरोबर जाते. म्हणून निघणाऱ्या अभियंत्याने सामान बांधण्यापूर्वी आपल्या भागाचा नकाशा अद्ययावत करून घ्यावा, नव्या माणसाला खाली नेऊन छत कोठे पोकळ वाजते, पाणी कोठे झिरपते ते जागेवर दाखवावे, आणि नोंदवहीवर दोघांच्या सह्या झाल्यावरच वणीची गाडी पकडावी.